सुरतेचा ऑक्झेंडन मकबरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरत म्हटलं की आपल्याला जानेवारी १६६४ आठवतो. ‘सुरत बेसुरत केली’ हे वाक्य शाळेपासून कानावर असतं. पण त्या चार-पाच दिवसांत वखारीच्या दाराशी तोफा लावून बसलेल्या इंग्रजांचा मुख्य माणूस आजही सुरतेतच आहे, आणि तोही दोन मजल्यांच्या घुमटाखाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच्या मकबऱ्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हा मकबरा नेमका कुठे आहे आणि कोणाचा?

सुरतेच्या कतारगाम दरवाजाजवळ, कतारगामकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. सतराव्या शतकात ही जागा शहराच्या तटाबाहेर होती. आज तिच्या चारही बाजूंना शहर आहे. तिथली सगळ्यांत मोठी वास्तू म्हणजे ऑक्झेंडन बंधूंचा मकबरा. एक भाऊ ख्रिस्तोफर, १८ एप्रिल १६५९ रोजी वारला. दुसरा सर जॉर्ज, ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत वखारीचा प्रेसिडेंट, १४ जुलै १६६९ रोजी वारला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या सर जेम्स ऑक्झेंडनचे हे मुलगे.

ऑक्झेंडन, ऑक्झिंडेन, ऑक्सेंडन: ही वेगवेगळी माणसं का?

नाही, आडनाव एकच. त्या काळात खुद्द इंग्रजांचंही स्पेलिंग ठरलेलं नव्हतं, त्यामुळे मराठी पुस्तकांतही प्रत्येकाने आपल्या कानाला रुचेल तसं लिहिलं. गोंधळ खरा होतो तो नावांचा. सुरतेचा प्रेसिडेंट जॉर्ज, आणि शिवराज्याभिषेकाला रायगडावर आलेला वकील हेन्री. त्याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शिवाजी महाराजांना लुटीच्या वेळी तोंड देणारा इंग्रज तो हाच का?

होय, हाच.

त्या वेळी सुरत मोगलांचं सगळ्यांत श्रीमंत बंदर होतं. हजचे यात्रेकरू इथूनच जहाजात चढत, व्हिरजी व्होरासारखे सावकार इथे बसून जगभर व्यापार करत. महाराज शहराजवळ आल्याची खबर पक्की होताच मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर वाऱ्यावर सोडलं. इंग्रजांपुढे दोन वाटा होत्या: सुवाळीच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर निघून जावं, किंवा वखार धरून राहावं. ऑक्झेंडनने राहायचं ठरवलं. जहाजांवरचे खलाशी आणि तोफा वखारीत आणवल्या. मग हाताशी आलेली दोनेकशे माणसं घेऊन, ढोल आणि कर्णे वाजवत, शहरातून फेरी काढली. माणसं थोडी असली तरी ती लढणार आहेत, एवढं सगळ्यांना दिसलं पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

अँथनी स्मिथ नावाचा कंपनीचा एक नोकर मराठ्यांच्या हाती सापडला होता. त्याच्यामार्फत इंग्रजांकडे खंडणीची मागणी झाली. ऑक्झेंडनने ती नाकारली. मराठ्यांनी इंग्रजांची आणि डचांची वखार सोडून दिली आणि शहरातल्या सावकारांकडे मोर्चा वळवला. महाराजांच्या बाजूने पाहिलं तर यात नवल नाही. वेळ थोडा होता, मोगल कुमक कधीही येणार होती, आणि तोफा लावलेल्या पक्क्या घरासाठी माणसं गमावण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या पेढ्यांत त्याहून कितीतरी अधिक होतं. ऑक्झेंडनचं धैर्य मान्य करावं आणि महाराजांचा हिशेबही मान्य करावा. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पुढे औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सवलत दिली, ऑक्झेंडनला मानाचा पोशाख दिला. कंपनीने त्याला सुवर्णपदक पाठवलं.

मग तो त्या लढाईत मारला गेला का?

नाही. लुटीनंतर तो साडेपाच वर्षं जगला आणि सुरतेतच वारला. महाराजांनी ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली तेव्हा त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्या वेळी इंग्रज वखारीचा बचाव स्ट्रेनशॅम मास्टर याने केला.

मुंबईशी त्याचा काय संबंध?

फार मोठा. मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली, आणि राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरचा मुख्य अधिकारी सुरतेत बसत असे, म्हणून मुंबईचा कंपनीच्या वतीने पहिला गव्हर्नर ऑक्झेंडनच ठरला. १६६९ च्या सुरुवातीला तो मुंबईला जाऊनही आला. त्याच्या कबरीवरच्या लॅटिन लेखात ‘मुंबई बेटाचा गव्हर्नर’ ही पदवी कोरलेली आहे. मुंबईचा इतिहास शोधणाऱ्याने फोर्ट भागाइतकंच या कतारगामच्या भिंतीआड डोकावलं पाहिजे असं मला वाटतं, कारण कंपनीच्या मुंबईची सुरुवातीची माणसं मुंबईत पुरलेलीच नाहीत. त्याच्यानंतर गव्हर्नर झालेला जेराल्ड ऑन्जियर, ज्याला मुंबई शहर उभारण्याचं श्रेय दिलं जातं, तोही १६७७ मध्ये सुरतेतच वारला. आणि मुंबईतली इंग्रजांची पहिली दफनभूमी, मेंढम्स पॉइंटची, तिचा आज मागमूसही उरलेला नाही.

ख्रिस्तोफर कोण होता? त्याच्या कबरीवर हिशेबाची भाषा आहे हे खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दफनभूमीत मनाला सगळ्यांत जास्त भिडणारी गोष्ट तीच आहे.

ख्रिस्तोफर कंपनीचा व्यापारी. त्याचा स्मृतिलेख लॅटिनमध्ये आहे आणि तो सबंध खतावणीच्या भाषेत रचला आहे. आशय असा: इथे ख्रिस्तोफर ऑक्झेंडन ठेवला आहे, जिवंतपणी सचोटीचा नमुना, मरणाने आयुष्याच्या ठिसूळपणाचा पुरावा. आला आणि गेला. त्याला आपल्या वहीत फक्त दिवस मांडता आले, वर्षं नाहीत, कारण मृत्यूने अवचित हिशेब मागितला. मालकहो, नफा किती आणि तोटा किती असं विचारता? तुम्ही एक चाकर गमावलात, आम्ही एक सोबती, त्याने स्वतःचा जीव. पण पानाच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकतो, ‘मरण हा मला लाभ.’

शेवटचं वाक्य बायबलमधलं आहे, संत पॉलच्या पत्रातलं. पण ते जमा-नावेच्या दोन बाजूंत बसवण्याची कल्पना वखारीतल्याच कोणाला सुचली असणार. हे लिहिणारी माणसं दिवसभर कापसाचे गठ्ठे, नीळ आणि मिऱ्यांचे आकडे मांडत होती. सोबती गेला तेव्हा त्यांना रडायलाही तीच भाषा जवळची वाटली. आपल्याकडे संतांनी विठ्ठलाला सावकार आणि स्वतःला ऋणको म्हटलं आहे. ही ओळ वाचणाऱ्या मराठी माणसाला ते ओळखीचं वाटेल.

एकाच मकबऱ्यात दोघे कसे?

ख्रिस्तोफरची घुमटाची वास्तू आधी बांधली गेली. दहा वर्षांनी जॉर्ज गेला तेव्हा त्याच्यासाठी दुसरीकडे जागा न पाहता, भावाच्या वास्तूला पोटात घेऊन मोठी वास्तू उभारली. हे तिथला लेखच सांगतो. वाचकाशी बोलल्यासारखा तो विचारतो, ‘मित्रा, या मोठ्या इमारतीचा अर्थ काय असं विचारतोस का?’ आणि उत्तर देतो की हिच्या आत ती धाकटी आहे, आणि दोघा भावांना एकत्र झाकते याचाच या मोठीला अभिमान आहे. भावाभावांच्या जिव्हाळ्यासाठी लेखात लॅटिनचा एक दुर्मीळ शब्द वापरला आहे. त्याचा मराठीत अर्थ ‘भावांहूनही भाऊ’ असा होईल. जिवंतपणी एकत्र होते ते मरणानंतरही एकत्र राहिले, असं तो म्हणतो.

म्हणून हा मकबरा दोन टप्प्यांत वाढलेला आहे हे लक्षात ठेवूनच पाहावा. एकदम आखलेली इमारत समजून पाहिलात तर तिची रचना थोडी गोंधळाची वाटेल.

बांधणी कशी आहे? पाहताना काय काय ओळखावं?

उंची सुमारे ४० फूट, व्यास सुमारे २५ फूट. इमारत दुमजली. कोपऱ्यांना जाडजूड खांब, त्यांच्यावर एकावर एक असे दोन घुमट. आतून फिरणाऱ्या ओवऱ्या आहेत आणि वर जाण्यासाठी रुंद जिना.

सगळ्यांत वेगळा भाग सर्वांत वर आहे. वरचा घुमट बंद नाही. तो उघडा आहे, आणि त्याची रचना क्रुसाच्या आकाराची. खाली उभं राहून पाहिलं तर एखाद्या मोगल सरदाराची कबर म्हणून खपून जाईल अशा इमारतीने डोक्यावर मात्र आपला धर्म उघड धरला आहे. आत कोणाला ठेवलंय हे सांगायला बांधणाऱ्यांनी ना पुतळा बसवला ना मोठी पाटी. आभाळाकडे उघडी राहिलेली ती फुलीच ते सांगते.

साहित्य म्हणाल तर विटा आणि चुन्याचा गिलावा. दगड मोजका. सुरतेच्या आसपास तापीच्या गाळाची जमीन आहे, चांगला इमारती दगड दुरून आणावा लागतो. वीट आणि चुना मात्र हवा तेवढा. चुन्यात कमानींच्या कडा, कंगोरे, छज्जे, मिनारांची टोकं सगळं काढता येतं, आणि घोटून घोटून संगमरवरासारखा तुकतुकीत पृष्ठभागही आणता येतो. तोट्याची बाजू अशी की पाऊस त्याला सोडत नाही. आज जिथे गिलावा सुटून वीट उघडी पडली आहे तिथे जरा वेळ थांबा. तिथे तुम्हाला इमारतीचा सांगाडा वाचता येतो: विटांचे थर कसे पुढे सरकवत नेले आहेत, चौकोनावरून गोलाकडे जाताना कोपरा कसा भरला आहे.

इंग्रज ख्रिश्चन होते. मग त्यांनी मुसलमानी घाटाचा मकबरा का बांधला?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचं उत्तर समजलं की कंपनीचं ते शतकच समजतं.

आपल्या डोळ्यांपुढे इंग्रज म्हटलं की राज्यकर्ते येतात. १६६९ मधला इंग्रज राज्यकर्ता नव्हता. तो मोगल बादशहाच्या फर्मानावर जगणारा परका व्यापारी होता, सुरतेच्या सुभेदाराची मर्जी सांभाळणारा, भाड्याच्या वखारीत राहणारा. या शहरात मोठा माणूस कोण हे ठरवण्याची भाषा मोगलांची होती. पालखी, मागेपुढे शिपाई, निशाण, वाजंत्री, आणि मेल्यावर घुमट. लंडनमधल्या चर्चच्या भिंतीला लावतात तसा संगमरवरी फलक इथल्या कोणालाच काही सांगू शकला नसता. घुमट मात्र सुभेदारापासून हमालापर्यंत सगळ्यांना कळत होता. म्हणून आपल्या प्रेसिडेंटचा मान वखारीच्या लोकांनी इथल्या लोकांना कळेल अशा रूपात मांडला.

दुसरं कारण साधं आहे. बांधणारे गवंडी इथले होते. त्यांच्या हातात गुजरातच्या सुलतानांच्या काळापासूनची कमान आणि घुमट मुरलेले होते. गोऱ्या मालकाने कागदावर जे काही आखून दिलं असेल ते शेवटी त्यांच्या ओळंब्यातून आणि थापीतूनच उभं राहिलं. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. भिंतीवर लॅटिनमध्ये दोन भावांची स्तुती आहे, पण मला तो मकबरा त्या गवंड्यांचाही वाटतो.

तिसरी गोष्ट जागेची. इंग्लंडमध्ये मेलेला माणूस चर्चच्या आत किंवा चर्चच्या आवारात पुरत. सुरतेत इंग्रजांना स्वतंत्र चर्च नव्हतं, वखारीतल्याच एका दालनात प्रार्थना होई. त्यामुळे मेलेल्यांसाठी गावाबाहेर मोकळी जमीन आली, आणि मोकळ्या जमिनीवर इमारत चारही बाजूंनी दिसेल अशी बांधता येते. छत लागून असलेल्या चर्चमध्ये असा घुमट उभारायला वावच नसता.

बीबी का मकबऱ्याशी याची तुलना करता येईल का?

काळ तोच आहे. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा १६६०–६१ च्या सुमारास पुरा झाला, ख्रिस्तोफर वारल्यानंतर दोनेक वर्षांत. विजापूरचा गोल घुमट त्याच्या थोडा आधीचा. म्हणजे दख्खन आणि गुजरातेत घुमट बांधणाऱ्या हातांना तेव्हा भरपूर काम होतं. पण तुलना इथेच थांबवावी. बीबी का मकबरा बादशाही पैशातून उभा राहिला, चारबाग, कारंजी, संगमरवर असा सगळा थाट त्याच्याजवळ आहे. ऑक्झेंडन मकबरा एका व्यापारी वखारीने दोन माणसांसाठी बांधला.

हा भारतातला पहिला इंग्रजी मकबरा का?

पहिला म्हणू नये. याच दफनभूमीत फ्रान्सिस ब्रेटन या १६४९ मध्ये वारलेल्या प्रेसिडेंटची कबर आहे. पण इतक्या मोठ्या, दुमजली थाटाचा विचार ऑक्झेंडनपासून सुरू झाला असं म्हणता येईल. कलकत्त्याची प्रसिद्ध साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी सुरू झाली १७६७ मध्ये, या मकबऱ्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

डचांनी इंग्रजांवर मात करायला मोठा मकबरा बांधला, ही गोष्ट खरी का?

सुरतेत ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते, आणि दोन्ही वास्तू पाहिल्यावर ती खोटी वाटत नाही. डचांची दफनभूमी इंग्रजांच्या दफनभूमीपासून फार लांब नाही. तिथला मुख्य मकबरा हेन्ड्रिक आड्रिआन व्हान रेडे या डच कंपनीच्या कमिसरी-जनरलचा. तो दशकोनी आहे, प्रचंड दुहेरी घुमटाचा, खाली-वर ओवऱ्यांचा, देखण्या खांबांचा. एके काळी आत भिंतींवर चित्रं, कुलचिन्हं आणि बायबलमधली वचनं रंगवलेली होती, खिडक्यांना कोरीव लाकडी जाळ्या होत्या. त्याच्या नुसत्या दुरुस्तीचं ६,००० रुपयांचं बिल डच कंपनीच्या खर्चात लागलेलं आहे. त्या काळातले सहा हजार!

माझं मत विचाराल तर दिमाखात डच जिंकतात. पण जीव लागतो तो ऑक्झेंडन भावांच्या वास्तूला.

व्हान रेडेबद्दल मात्र मराठी आणि कोंकणी वाचकाने आणखी थोडं जाणून घ्यायला हवं. हा माणूस १६७० ते १६७७ या काळात मलबारचा डच कमांडर होता. तिथल्या वनस्पतींनी तो इतका भारावला की त्याने त्यांचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध करवला, ‘होर्टुस मलाबारिकुस’. तो १६७८ ते १६९३ दरम्यान ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातलं औषधीज्ञान मलबारच्या इट्टी अच्युतन या वैद्याचं, आणि कोचीनला राहणाऱ्या तीन कोंकणी ब्राह्मणांचं: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या सारस्वतांची ही कुटुंबं. पहिल्या खंडात त्यांचं कोंकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र १६७५ सालचं आहे, आणि वनस्पतींची कोंकणी नावं चित्रांवर नागरीत छापली आहेत. इतक्या जुन्या काळात युरोपात छापलेल्या ग्रंथात आपल्या किनाऱ्याची भाषा आपल्या लिपीत उमटली, ती या माणसामुळे.

पुढे डच कंपनीने त्याला आपल्याच नोकरांचा भ्रष्टाचार खणून काढायला पाठवलं. बंगाल, कोरोमंडल, सिलोन, मलबार अशा वखारी तपासत तो सुरतेकडे निघाला असताना १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळ समुद्रात जहाजावरच वारला. जानेवारी १६९२ च्या सुरुवातीला त्याला सुरतेत पुरलं.

कबरीवर दारूचे कटोरे असलेला एक डच होता म्हणतात, खरं का?

१६८९ साली सुरतेला आलेल्या इंग्रज कंपनीच्या एका पाद्रीने तसं लिहून ठेवलं आहे. एका आनंदी स्वभावाच्या डच अधिकाऱ्याच्या कबरीवर पंच नावाची दारू पिण्याचे तीन मोठे कटोरे होते, आणि त्याचे मित्र तिथे जमून त्याची आठवण काढत, कधी कधी स्वतःचं भान विसरेपर्यंत. त्याच पाद्रीने इंग्रजांच्या दोन कबरी सर्वांत नावाजलेल्या म्हणून सांगितल्या आहेत, ऑक्झेंडनची आणि ऑन्जियरची, मिनारांनी आणि मनोऱ्यांनी सजलेल्या.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. सुरतेत आणि मुंबईत हे लोक भराभर मरत होते. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य’ ही म्हण मुंबईच्या इंग्रजांबद्दलच रूढ झाली. घरदार सहा-आठ महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे राहिलेलं. त्यांना एकत्र बसायला आपल्या मेलेल्या मित्राची कबर ही हक्काची जागा वाटली असेल.

या मकबऱ्याचा इंग्लंडच्या वास्तुकलेवर काही परिणाम झाला का?

झाला, आणि तो सुरतेतल्या लोकांनाही फारसा माहीत नाही.

जॉन व्हॅनब्रू हा इंग्लंडमधला मोठा वास्तुकार. ब्लेनहाइम पॅलेस आणि यॉर्कशरमधलं कॅसल हॉवर्ड ही त्याचीच कामं. तरुणपणी, १६८३ ते १६८५ च्या दरम्यान, तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून सुरतेत होता. ही गोष्ट अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या अखेरीस उमगली. त्या वेळी व्हान रेडे जिवंत होता. त्याचा मकबरा अजून बांधलेला नव्हता. म्हणजे व्हॅनब्रूच्या डोळ्यांसमोर मोठी वास्तू होती ती ऑक्झेंडन भावांची.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, १७११ मध्ये, लंडनमध्ये पन्नास नवी चर्च बांधायची ठरली. त्या आयोगाला व्हॅनब्रूने एक टिपण दिलं. त्यात तो म्हणतो की चर्चच्या आत आणि भोवती प्रेतं पुरणं बंद करा, शहराच्या कडेला भिंत घालून मोकळ्या दफनभूमी करा, आणि सुरतेतले इंग्रज असंच करतात. सोबत सुरतेच्या दफनभूमीचं रेखाटनही जोडलं, घुमट आणि मनोऱ्यांसकट. आयोगाने ते लगेच मानलं नाही. लंडनला तशी बागेसारखी दफनभूमी मिळायला १८३३ उजाडलं, केन्सल ग्रीनची.

पण कॅसल हॉवर्डच्या माळावर, घरापासून दूर, व्हॅनब्रूचा सहकारी निकोलस हॉक्समूर याने १७२९ पासून अर्ल ऑफ कार्लाइलच्या घराण्यासाठी जो गोल, खांबांच्या कड्याचा मकबरा उभारला, तो प्राचीन काळानंतर पश्चिम युरोपात मोकळ्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या मकबऱ्यांपैकी समजला जातो. हॉक्समूरच्या नजरेपुढे रोमन नमुने होते, हे उघड आहे. तरी माणसाने चर्चपासून सुटून, उघड्या आभाळाखाली, स्वतःच्या इमारतीत झोपावं, ही कल्पना त्या मंडळींत कोणी प्रत्यक्ष पाहिली होती तर ती व्हॅनब्रूने, आणि ती सुरतेत. गुजराती गवंड्यांनी विटाचुन्यात जे उभारलं त्याची चर्चा लंडनमध्ये झाली, ही माझ्या लेखी या मकबऱ्याची सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

रायगडावर राज्याभिषेकाला आलेला ऑक्झेंडन कोण?

हेन्री ऑक्झेंडन, त्याच घराण्यातला. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला तो कंपनीचा वकील म्हणून रायगडावर हजर होता. सोबत दुभाषा नारायण शेणवी. त्याने महाराजांना हिऱ्याची अंगठी नजर केली. सिंहासनाजवळची भाल्यांवर लावलेली सोन्याची मोठी मत्स्यमस्तकं, न्यायाचा तराजू, आणि दारात उभे असलेले हत्ती यांची त्याने नोंद केली, आणि हे हत्ती असल्या अवघड गडावर कोणत्या वाटेने चढवले असतील याचं त्याला आश्चर्य वाटलं. दहा वर्षांपूर्वी एका ऑक्झेंडनने महाराजांना वखारीचं दार बंद केलं होतं. दुसरा आता दरबारात मुजरा करून व्यापाराचा तह मागत होता.

जवळ आर्मेनियन कबरीही आहेत का?

आहेत, डच दफनभूमीला लागूनच. घुमट कमी, जमिनीलगतच्या सपाट शिळा अधिक, आणि त्यांवर आर्मेनियन लिपीतले लेख. इराणमार्गे आलेल्या या व्यापाऱ्यांचं सुरतेत मोठं प्रस्थ होतं.

‘डच गार्डन’ म्हणजेच डच दफनभूमी का?

नाही. रिक्षावाल्याला नुसतं ‘डच’ म्हणालात तर तो तुम्हाला तापीकाठी नानपुऱ्याच्या डच गार्डनला नेऊन सोडेल. ती बाग वेगळी. कबरींसाठी ‘कतारगाम दरवाजा, अंग्रेज का कब्रस्तान’ असं सांगावं.

आज मकबऱ्याची काय अवस्था आहे? आत चढता येतं का?

दोन्ही दफनभूमी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. दाट वस्तीत वेढलेल्या या जागेला तेवढाच श्वास उरला आहे.

चढू नका. जिना दिसतो, मोह होतो, पण साडेतीनशे वर्षांचा चुना पायाखाली भुगा होतो. घुमटाच्या भेगांत पिंपळाचं रोप दिसलं तर उपटायलाही जाऊ नका. वरून ओढलेलं रोप मुळासकट येत नाही, गिलाव्याचा पोपडा मात्र घेऊन येतं. तिथल्या राखणदाराला दाखवा.

केव्हा जावं?

पावसाळा संपल्यावर, सकाळी लवकर. तिरकी उन्हं भिंतीवर असताना चुन्यातले कंगोरे आणि कमानीच्या कडा उठून दिसतात; दुपारी सगळं सपाट पांढरं होतं. लॅटिन येत नसेल तर ख्रिस्तोफरच्या लेखाचा वर दिलेला आशय कागदावर उतरवून न्या आणि तिथे उभं राहून वाचा. आणि निघण्याआधी जरा मागे सरून मान वर करा. खालच्या घुमटाच्या वर, सगळ्यांत शेवटी, आभाळाकडे उघडी राहिलेली ती फुली दिसते.